पॅरिसच्या अंधशाळेची स्पर्शपेटी : प्रकल्प नोंदी

४ जून

विषय पक्का झाला : पॅरिसची अंध मुलांची निवासी शाळा, १७८४ ते १८५४. लुई ब्रेल याच शाळेत शिकला, इथेच शिक्षक झाला आणि ६ जानेवारी १८५२ रोजी इथेच वारला. मुलांसाठीच्या त्याच्या चरित्रात 'जुनी अक्षरं वाचायला अवघड होती', 'बार्बियेची लिपी किचकट होती' अशी वाक्यं येतात. वाचणारं मूल ती मुकाट्याने मान्य करतं, कारण ते जुनं अक्षर त्याच्या बोटाखाली कधी आलेलंच नसतं. पेटी त्यासाठी आहे. शाळेत एकामागून एक ज्या लेखनपद्धती आल्या, त्यांचा प्रत्येकी एक नमुना हातात द्यायचा आणि अवघड म्हणजे नेमकं काय, ते बोटालाच ठरवू द्यायचं.

पेटीत सहा वस्तू : कालपट्टी, हॉयचं (शाळेच्या संस्थापकाचं) उठावाचं पान, बार्बियेची (ब्रेलआधीच्या ठिपक्यांच्या लिपीची) पट्टी, ब्रेलच्या १८२९ आणि १८३७ च्या आवृत्त्यांचे फलक, दशबिंदूचं (ठिपक्यांनी काढलेल्या डोळसांच्या अक्षरांचं) पत्र आणि मराठी ब्रेलमधली माहितीपुस्तिका. पेटीचं माप आतून ४५ × ३२ × १२ सेंमी. सहा पेट्या करायच्या, सगळ्या निवासी अंधशाळांसाठी. वस्तू काचेआड ठेवायची नाही, म्हणून प्रत्येक वस्तूचा एक जादा नग. हाताळणीने ठिपके बसतात, हे गृहीतच धरायचं.

७ जून

कालपट्टी. जाड सुती कापडाची पट्टी, वर्षांच्या जागी शिवलेली लाकडी बटणं, खाली ब्रेल चिठ्ठ्या. पहिलं प्रमाण १० वर्षांना ४ सेंमी धरलं होतं, ते मोडीत काढलं. १७८४ ते १८१५ पर्यंत बटणं ऐसपैस बसतात, पण पुढे दाटी होते : १८१६ (नवी जागा), १८१९ (ब्रेलचा प्रवेश), १८२१ (बार्बिये), १८२४ (ब्रेलची पद्धत तयार), १८२९ (पुस्तिका). ४ सेंमीच्या प्रमाणात १८१९ आणि १८२१ मध्ये फक्त ८ मिमी अंतर राहतं. ब्रेलच्या दोन ओळींत १० मिमी लागतात, त्यामुळे चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात.

नवं प्रमाण १० वर्षांना ८ सेंमी. १७८४ पासून १९५१ पर्यंत (भारती ब्रेल, म्हणजे सगळ्या भारतीय भाषांची एकच ब्रेल) १६७ वर्षं, म्हणजे १३३.६ सेंमी. दोन टोकांना ५-५ सेंमी कोरं कापड. एकूण १४३.६ सेंमी, चार घड्या. घडी बटणावर येऊ द्यायची नाही. १८२० ची जागा सुरुवातीच्या टोकापासून ३३.८ सेंमीवर येते, पहिली घडी तिथे घातली.

१८५४ ते १९५१ हा तुकडा मोकळाच राहतो, ७७.६ सेंमी नुसतं कापड. तिथे काही भरावं असं सुचवलं गेलं, पण मोकळाच ठेवला. फ्रान्सने १८५४ मध्ये ब्रेल अधिकृत केली आणि आपल्या भाषांना एकच ब्रेल मिळायला आणखी ९७ वर्षं गेली. हे अंतर हाताला लागलं पाहिजे. त्या तुकड्यावर फक्त दोन लहान बटणं. एक १९०० चं : दुष्काळाच्या त्या वर्षी मुंबईत अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्डबाईंनी अंध मुलांची शाळा काढली, तीच आजची दादरची मुलींची शाळा. दुसरं १९०२ चं : ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा. ही दोन बटणं १६ मिमी अंतरावर येतात, चिठ्ठ्या बसतात.

१२ जून

हॉयचं पान. व्हॅलेंटिन हॉयने १७८४ मध्ये फ्रान्स्वा लझ्युअर या भीक मागून घरच्यांना पोसणाऱ्या अंध तरुणाला शिकवायला घेतलं आणि पुढच्या वर्षी शाळा सुरू केली. डिसेंबर १७८६ मध्ये मुलांनी व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर वाचून दाखवलं. वाचत होते ती डोळसांचीच लॅटिन अक्षरं, फक्त कागदावर उठवलेली.

कृती अशी. नेहमीच्या छपाईत खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. इथे शाई नाही. ओला कागद खिळ्यांवर ठेवून वरून दाबायचा आणि उठाव वाचायचा तो कागदाच्या वरच्या अंगाने. म्हणून खिळा सुलटाच लागतो. हॉयने असे खिळे मुद्दाम ओतवून घेतले होते. आम्ही खिळ्यांऐवजी पॉलिमरचा ब्लॉक करायला दिला आणि नेमकी हीच चूक झाली : ब्लॉक उलटा आला. ब्लॉक बनवणारा सवयीने मजकूर उलटवतो. मागणीच्या कागदावर 'ब्लॉकवर हात फिरवल्यावर सुलटं वाचता आलं पाहिजे' असं ठळक लिहून नमुना जोडायचा. तोंडी सांगणं पुरत नाही.

ब्लॉकवर दोन शब्द घेतले. फ्रेंच 'école' आणि त्याच अर्थाचा आपला 'शाळा'. अक्षरांची उंची १२ मिमी, ब्लॉकचा उठाव १.५ मिमी.

१५ जून

पहिले आठ कागद वाया. कारणं वेगवेगळी, म्हणून सगळी लिहितो.

कोरडा २५० जीएसएम सुती कागद दाबला तर अक्षरांच्या कडांना तडे जातात. टोकदार कोपऱ्यांना जास्त, गोल 'o' ला कमी. उलट बादलीत बुडवून काढलेला कागद इतका मऊ होतो, की दाब काढल्यावर उठाव अर्ध्यावर येतो. बरोबर पद्धत : कागद ओल्या टीपकागदांच्या थरांत रात्रभर ठेवायचा, वर प्लास्टिक आणि हलकं वजन. सकाळी कागद गार लागला पाहिजे, पण पृष्ठभागावर पाण्याची चमक नको. मग ब्लॉक, कागद, ३ मिमीचा लोकरी नमदा, वर पुठ्ठा, आणि बाइंडरच्या शिकंज्यात १० मिनिटं.

सगळ्यात मोठी चूक वाळवण्यात झाली. कागद सपाट राहावा म्हणून वजनाखाली वाळवले आणि अक्षरं बसली. वजन नकोच. ब्लॉकवरच तासभर राहू द्यायचा, मग सोडवून जाळीवर वाऱ्याला ठेवायचा. कडा थोड्या वळतात, तेवढं चालतं.

१७ जून

चांगले कागद मिळाले. मागचं अंग पोकळ असल्याने हॉयच्या काळी दोन पानं पाठीला पाठ चिकटवत. आम्ही खळ फक्त कडेला ८ मिमी रुंदीत लावली. पूर्ण पानाला लावली की खळीच्या ओलाव्याने उठाव पुन्हा बसतो. अशी दोन पानं मिळून एक जाड पान होतं आणि त्यावर मजकूर किती, तर १२ मिमी उंचीची मोजकी अक्षरं. अशा पुस्तकांचं वजन किती होत असेल, हे दहा पानांची गड्डी हातात घेतल्यावर कळतं. म्हणून पेटीत एक पान न ठेवता दहा पानांची गड्डी ठेवतोय. नऊ कोरी, पण दुहेरी.

वाचून पाहिलं. अक्षराची कडा धरून बोट फिरवावं लागतं. 'e' आणि 'c' जवळपास सारखे लागतात, कारण मधली आडवी रेघ उठावात बुजते. देवनागरीत वेगळीच अडचण : शिरोरेषेमुळे वरचं अंग सलग एकच रेघ लागते, ओळख पटते ती सगळी रेघेखाली. 'शाळा'तले दोन काने सर्वांत लवकर सापडले, 'श' सर्वांत उशिरा.

तरी एक गोष्ट पुस्तिकेत स्पष्ट लिहायची. हॉयचं काम कमी लेखायचं नाही. अंध मूल वाचू शकतं, हेच त्या वेळी कुणाला पटत नव्हतं आणि ते त्याने याच अक्षरांनी सिद्ध केलं. या पद्धतीत मुलांना वाचता यायचं. स्वतःचं लिहिता मात्र जवळपास यायचं नाही. वहीत टिपून घेणं, मित्राला चिठ्ठी लिहिणं खिळे जुळवून होत नाही.

२१ जून

जागांची चिठ्ठी. १७९१ मध्ये शाळा सरकारने ताब्यात घेऊन मूकबधिरांच्या संस्थेशी जोडली. १८०१ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत ती प्रौढ अंधांच्या 'कँझ-व्हँ' आश्रमात मिसळली. या नावाचा अर्थ 'पंधरा विसा', म्हणजे ३००. नवव्या लुईने तेराव्या शतकात ३०० अंधांसाठी हा आश्रम काढला होता. आपल्याकडेही जुनी माणसं विसांत मोजत, म्हणून पुस्तिकेत भाषांतर 'पंधरा विसा' असंच ठेवलं. हॉय १८०२ मध्ये बाहेर पडला, १८०६ मध्ये रशियाला गेला आणि सेंट पीटर्सबर्गला त्याने अंधशाळा काढली.

१८१६ पासून शाळा पुन्हा स्वतंत्र, रू सँ-व्हिक्तोर रस्त्यावरच्या जुन्या सेमिनरीच्या इमारतीत. ही इमारत ओलसर आणि कोंदट होती. ब्रेल १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहाव्या वर्षी, इथे दाखल झाला. मुख्याधिकारी गिये यांनी हॉयला शाळेत पाऊल ठेवू दिलं नाही. १८२१ मध्ये त्यांच्या जागी पिन्यिये आले, त्यांनी हॉयला सन्मानाने बोलावलं. पुढच्याच वर्षी हॉय वारला.

२६ जून

बार्बियेची पट्टी. पेटीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू, म्हणून वेळ घेतला.

शार्ल बार्बियेची पद्धत अक्षरांची नाही, ध्वनींची. ६ ओळी आणि ६ स्तंभांच्या तक्त्यात फ्रेंचचे ३६ ध्वनी मांडायचे. ध्वनी लिहायचा म्हणजे त्याचा पत्ता लिहायचा : डाव्या रांगेत ओळीच्या क्रमांकाइतके ठिपके, उजव्या रांगेत स्तंभाच्या क्रमांकाइतके. एका चिन्हात जास्तीत जास्त १२ ठिपके. पहिल्या ओळीत आ, इ, ओ, यु आणि दोन प्रकारचे ए. चौथ्या ओळीत प, त, क, श, फ, स. पाचवी 'ल'ने सुरू होते.

पट्टीवर तोच शब्द घेतला, एकोल. ए (ओळ १, स्तंभ ५) ६ ठिपके, क (४, ३) ७, ओ (१, ३) ४, ल (५, १) ६. एकूण २३. ब्रेलमध्ये हाच शब्द पाच अक्षरांनी : é ६, c २, o ३, l ३, e २. एकूण १६. ब्रेलमध्ये चिन्हं पाच, बार्बियेकडे चार, तरी ठिपके ब्रेलचे कमी.

खरी अडचण ठिपक्यांच्या संख्येत नाही, उंचीत आहे. तुलना सरळ व्हावी म्हणून दोन्हींना आजचंच अंतर दिलं, ठिपका ते ठिपका २.५ मिमी. बार्बियेच्या सहा ठिपक्यांची रांग मध्य ते मध्य १२.५ मिमी, ठिपक्याची रुंदी धरून १४ मिमी. ब्रेलची तीन ठिपक्यांची रांग ५ मिमी, रुंदीसकट ६.५. ब्रेलचं घर, म्हणजे एका अक्षराची सहा ठिपक्यांची चौकट, बोटाच्या टोकाखाली एकदम मावतं. बार्बियेचं मावत नाही, बोट वरखाली न्यावं लागतं आणि तेवढ्यात मोजणी चुकते. पाच की सहा, हे मोजल्याशिवाय कळत नाही, कारण चिन्हाला आकार नाही, फक्त संख्या आहे.

बार्बियेमुळे दोन मोठ्या गोष्टी शाळेत आल्या, त्या चिठ्ठीवर आधी लिहायच्या. रेघेपेक्षा ठिपका बोटाला स्पष्ट लागतो, हे कळलं. आणि खाचांची पाटी, तिच्यावर सरकणारी खिडक्यांची पट्टी आणि टोचणी या साधनांनी अंध माणूस स्वतः लिहू लागला. आजची ब्रेल पाटी हे त्याच साधनाचं सुधारलेलं रूप आहे.

२७ जून

मराठी ध्वनींचा ६ × ६ तक्ता करून पाहण्याची सूचना आली होती. बसत नाही. क ते ळ ३४ व्यंजनं झाली की दोनच घरं उरतात आणि स्वर सगळे बाहेर. सूचना बाद. बार्बियेत शुद्धलेखन, विरामचिन्हं, आकडे आणि संगीत लिहिण्याची सोय नव्हती, तेवढं चिठ्ठीत घेतलं.

३ जुलै

१८२९ चा फलक. ब्रेलने १८२४ पर्यंत, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची पद्धत उभी केली. ठिपक्यांचे क्रमांक डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. १८२९ मध्ये तिची पुस्तिका निघाली. ती छापली होती हॉयसारख्या उठावाच्या लॅटिन अक्षरांतच, म्हणजे नवी लिपी शिकवणारं पुस्तक जुन्या लिपीत. त्या आवृत्तीत चिन्हांच्या दहा-दहाच्या नऊ ओळी होत्या. पहिल्या चार ओळींत निव्वळ ठिपके, पुढच्या ओळींत ठिपक्यांबरोबर लहान रेघाही.

रेघ का टिकली नाही, हे फलकावर लगेच कळलं. शेजारचे दोन ठिपके (१ आणि ४) आणि त्याच जागी २.५ मिमीची आडवी रेघ, दोन्ही ०.५ मिमी उंच. सावकाश बोट फिरवलं तर फरक कळतो, वाचण्याच्या वेगाने नाही. लिहिताना तर जास्तच त्रास : ठिपका टोचायचा असतो, रेघ ओढावी लागते. १६० जीएसएम कागदावर ओढलेली रेघ मधेच फाटते आणि फाटली नाही तर एका टोकाला उथळ राहते. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेघा गेल्या. त्याच वर्षी शाळेत फ्रान्सच्या इतिहासाचं पुस्तक ब्रेलमध्ये छापलं गेलं.

फलक थ्रीडी प्रिंटरवर केले. आडवे छापले तर ठिपक्यांच्या माथ्यावर थरांच्या पायऱ्या येतात आणि बोटाला खरखर लागते. फलक उभा करून छापला की ठिपके गोल येतात. वेळ जास्त लागतो, उभा फलक हलू नये म्हणून पायाशी १० मिमी रुंद पट्टी जोडावी लागते, नंतर ती कापायची. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून पेटी उन्हात बंद गाडीत ठेवू नये, ही सूचना झाकणावर ब्रेलमध्ये आणि छापील अशी दोन्ही.

८ जुलै

१८३७ चा फलक. ब्रेलची मांडणी समजली की सगळी लिपी चार ओळींत हाताशी येते. पहिली ओळ, a ते j, फक्त वरच्या चार ठिपक्यांत (१, २, ४, ५). दुसरी ओळ, k ते t : तीच चिन्हं, प्रत्येकाला ठिपका ३ जोडून. तिसरी : ३ आणि ६ दोन्ही जोडून. चौथी : फक्त ६ जोडून. फलकावर चारही ओळी एकाखाली एक, त्यामुळे बोट वरून खाली आणलं की वरचा आकार तसाच राहतो आणि खालचे ठिपके तेवढे बदलतात.

फ्रेंच वर्णमालेत w नव्हता, तो नंतर आला आणि चौथ्या ओळीच्या शेवटच्या जागेवर बसला. म्हणून तो x च्या शेजारी सापडत नाही.

मराठी मुलांसाठी फलकाची दुसरी बाजू केली. भारती ब्रेलमध्ये ध्वनी जुळतो तिथे शक्यतो तेच चिन्ह ठेवलं आहे. दुसरी ओळ मराठीत वाचली तर क ल म न ओ प क्ष र स त अशी सरळ लागते. k चा क, l चा ल, m चा म, पुढे तसंच. फक्त q च्या जागी क्ष. पहिली ओळ अ ब च द ए, मग f च्या जागी नुक्त्याचा फ़, मग ग ह इ ज. आपला फ वेगळा आहे, २-३-५. पॅरिसच्या शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलाने मांडलेली ओळ मराठी मूल आज बाराखडी म्हणून वाचतं, हे या फलकावर कुणी न सांगता कळतं.

तिसऱ्या ओळीत जुळणी सुटते. तिथली फ्रेंच स्वरांची खास चिन्हं आपल्याकडे व्यंजनांना दिली आहेत. é ची सहाही ठिपक्यांची पूर्ण चौकट म्हणजे आपला ढ. त्यामुळे फ्रेंच 'école' मराठी सवयीने वाचलं तर 'ढचोले' लागतं. पट्टीवर आधी 'फ्रेंच' असं लिहिणं विसरलं होतं, ते घातलं.

११ जुलै

संगीताची चिठ्ठी. लहान ठेवली. ब्रेलच्या पुस्तिकेच्या नावातच शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचा उल्लेख आहे. तो स्वतः पॅरिसमधल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. याच शाळेच्या क्लोद माँतालने पियानो जुळवण्याचं काम स्वतः शिकून घेतलं आणि १८३६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पियानो जुळवणं हा अंधांचा व्यवसाय म्हणून पुढे रूढ झाला, त्याची सुरुवात इथली.

१६ जुलै

१८४० ते १८४४. या चार वर्षांबद्दल पुस्तिकेत नेमकं लिहायचं, कारण इथे चरित्रं घाईत असतात. पिन्यियेंना १८४० मध्ये काढलं, द्युफो प्रमुख झाले. त्यांनी ब्रेल बंद करून पुन्हा उठावाची अक्षरं आणली, या वेळी ग्लासगोच्या धर्तीची. जुनी पुस्तकं जाळली गेली. मुलांनी लिहिणं सोडलं नाही, विणकामाच्या सुया वापरल्या असं सांगितलं जातं. द्युफोंचे सहायक गादे यांनी त्यांचं मन वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी बुलव्हार दे-झँव्हालिदवरच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ब्रेल सगळ्यांसमोर वाचून आणि लिहून दाखवली गेली. नव्या इमारतीमागे कवी आणि खासदार लामार्तिनचं १८३८ चं भाषण होतं, त्याने जुन्या इमारतीची दुर्दशा सभागृहात मांडली होती. शाळा आजही त्याच नव्या इमारतीत आहे.

विणकामाच्या सुईने ब्रेल लिहिता येते का, हे करून पाहिलं. येते, पण पाटीशिवाय नाही. खाली नुसती घडी घातलेली घोंगडी ठेवली तर टोकदार सुई आरपार जाते आणि कागदाला भोक पडतं. बोथट सुई टेकडीसारखा पसरट ठिपका देते. २.५ मिमीची बोथट सुई, खाली पुठ्ठ्याचे दोन थर आणि वर नमदा, एवढं केल्यावर ठिपके वाचता येण्यासारखे आले. अंतर मात्र हाताने धरता येत नाही. तिसऱ्या अक्षरापासून ठिपके सरकू लागतात आणि ३ चा ठिपका पुढच्या घराचा १ वाटतो. पाटीच्या खिडकीची खरी किंमत इथे कळते. हा कागद पेटीत जादा नमुना म्हणून घातला, मुलांनी स्वतः करून पाहण्यासाठी बोथट सुईसकट.

२० जुलै

दशबिंदू. ब्रेलने १८३९ मध्ये डोळसांना पत्र लिहिता यावं म्हणून ही पद्धत काढली : दहा ठिपके उंचीच्या जाळीत ठिपक्यांनी डोळसांचंच अक्षर काढायचं. १८४१ मध्ये फूकोने त्यासाठी दहा कळांचं यंत्र केलं. म्हणजे अंध मुलगा घरी लिहिणार, आई डोळ्यांनी वाचणार. देवनागरीत 'आई' काढून पाहिलं. शिरोरेषा एका ओळीत बसते, पण तिच्या वर 'ई'च्या फटक्याला तीन ओळी लागतात आणि खाली सहाच उरतात. अक्षर ओळखू येतं, देखणं नाही. पत्र फ्रेंचमध्येच ठेवलं.

२५ जुलै

माहितीपुस्तिका, ४० पानी. संगणकावर मराठी युनिकोड मजकूर भारती ब्रेलमध्ये वळवला, मग बोटाने तपासला. सापडलेल्या चुका इथे नोंदवतो, पुढच्या प्रकल्पात कामी येतील.

'दुसऱ्या', 'साऱ्या' यांसारख्या शब्दांत अनोळखी चिन्ह आलं. मजकुरात अर्ध्या 'र'च्या जागी एकदा वेगळा ऱ आणि एकदा न दिसणारा जोडवर्ण, असे दोन प्रकार मिसळले होते. वळवण्याआधी दोन्हींच्या जागी साधा र आणि हलन्त केला. त्यामुळे 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' ब्रेलमध्ये एकच होतात. आमच्या मजकुरात असा जोड नाही, म्हणून चाललं.

जोडाक्षरात हलन्त (ठिपका ४) व्यंजनाच्या आधी येतो. 'कर्ता' म्हणजे क, ४, र, त, आ. हाताने दुरुस्त केलेल्या दोन पानांवर तो र च्या नंतर पडला होता, देवनागरीच्या सवयीने.

मात्रा आणि स्वर यांचं चिन्ह एकच. म्हणून 'मऊ' लिहिताना मधे अ घालावा लागतो : म (१-३-४), अ (१), ऊ (१-२-५-६). तो सुटला तर 'मू' होतं. तसंच 'सई' आणि 'सी'.

अंकचिन्ह (३-४-५-६) आणि ण एकच. वाचताना अडत नाही, कारण मराठी शब्द ण ने सुरू होत नाही. पण सालाआधीची रिकामी जागा सुटली की गोंधळ होतो : 'सन१७८४' मध्ये वाचणाऱ्याला 'सनण' लागतं. पुस्तिकेत ७ ठिकाणी अशी जागा सुटली होती.

भारती ब्रेलवरचं पान याच पुस्तिकेत. १९५१ पूर्वी आपल्या देशात नीळकंठराय छत्रपती, लालबिहारी शहा, शेरिफबाई यांच्या पद्धती आणि आणखी काही एकाच वेळी चालत. एका शाळेत शिकलेलं मूल दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचू शकेल याची खात्री नव्हती. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५० मध्ये पॅरिसला आणि १९५१ मध्ये बैरुतला बैठका झाल्या आणि सगळ्या भारतीय भाषांसाठी एक पद्धत ठरली.

३० जुलै

पाटीचा सरावकागद. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलट्या आकाराने टोचायचं असतं, १ च्या जागी ४, २ च्या जागी ५, ३ च्या जागी ६. सराव म्हणून 'शाळा' शब्द घेतला आणि तो अपेक्षेपेक्षा उपयोगी निघाला. श (१-४-६) उलटला की म (१-३-४) होतो. आ (३-४-५) उलटला की घ (१-२-६). ळ (४-५-६) उलटला की ल (१-२-३). कागद न उलटता खड्ड्यांच्या बाजूने डावीकडून वाचला तर 'घलघम' लागतं, आणि 'घलघम' लागलं म्हणजे लिहिणाऱ्याने बरोबर टोचलं आहे. शिक्षकाला तपासायला यापेक्षा सोपी खूण नाही. नुसता ळ सुलटा टोचला गेला तर कागद उलटल्यावर 'शाला' वाचलं जातं, चूक कुठली ते लगेच सापडतं.

५ ऑगस्ट

सहाही पेट्या भरल्या. हॉयची गड्डी सर्वांत वर, तिच्यावर वजन नको म्हणून झाकणाला आतून १५ मिमी मोकळी जागा. फलक उभ्या खाचांत, एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे नमदा. बार्बियेची पट्टी आणि ब्रेलची पट्टी एकाच तक्त्यावर वरखाली चिकटवल्या, डावी कड एकाच रेषेत, म्हणजे दोन्ही हातांनी एका वेळी तपासता येतात.

तिसऱ्या पेटीत १८२९ च्या फलकावरची पाचव्या ओळीतली एक रेघ छपाईतच तुटकी आली आहे, ती दोन ठिपक्यांसारखी लागते. तो फलक पुन्हा छापायला लावला आहे. तोवर पेटी पाठवायची नाही.